नवऱ्याला अपंगत्वाचे पैसे मिळतात, मग मुलाच्या पोटगीचं काय?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यातला गाभा आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी बरोबर समजले की नाही ते तुम्हालाही कळेल. मिस्टर हिंगण्याच्या एमआयडीसीत ऑपरेटर होते, पगार वीस हजार. प्रेस मशीनमध्ये हात सापडला आणि उजव्या हाताची चार बोटं गेली. त्याआधीच तुम्ही वेगळ्या झाल्या होत्या, २०२२ मध्ये फॅमिली कोर्टानं मुलासाठी (तो आता ९ वर्षांचा आहे) महिन्याला ६,००० पोटगी ठरवून दिली होती. आता ८ महिन्यांपासून एक रुपया आला नाही. तुम्ही खासगी शाळेत शिकवता, १२,००० मिळतात. मिस्टरांना ईएसआयकडून (कामगारांच्या सरकारी विमा योजनेतून) दर महिन्याला पैसे येतात, शिवाय ते चुलतभावाच्या मोबाईलच्या दुकानात बसतात, पण तुम्हाला म्हणून राहिले की "अपंग माणसाकडून पोटगी घेताच येत नाही, आणि ईएसआयच्या पैशाला कोर्टसुद्धा हात लावू शकत नाही". आणि तुम्ही गुगलवर वाचलं की अपंगत्वाच्या पेन्शनमधून मुलाला वेगळी रक्कम थेट मिळते आणि तेवढी पोटगीतून वजा होते, तर आपल्याकडे तसं आहे का.

मी इथं नागपुरात फॅमिली कोर्टात दोन्ही बाजूंनी केसेस चालवते, म्हणजे बायकोकडूनही आणि नवऱ्याकडूनही, त्यामुळं दोघांचं म्हणणं काय असतं ते माहीत आहे. मिस्टरांच्या त्या एका वाक्यात दोन गोष्टी आहेत. पहिली साफ चूक आहे. दुसरी अर्धी बरोबर आहे, आणि ती अर्धी बरोबर असल्यामुळंच बाया घाबरून घरी बसतात.

आधी गुगलवालं संपवते. ते तुम्ही वाचलं ते अमेरिकेचं आहे. तिकडे नोकरीत असताना पगारातून सोशल सिक्युरिटीचा टॅक्स कापला जातो आणि पुढं अपंगत्व आलं तर त्यातून महिन्याचे पैसे सुरू होतात, त्यात मुलाला त्याच्या नावानं वेगळा हिस्सा मिळू शकतो आणि बहुतेक राज्यांत तो बापाच्या पोटगीत धरतात. त्यांच्याकडे दुसरी एक मदत आहे, अगदी गरीब अपंगांसाठीची, ती साधारणपणे पोटगीच्या हिशोबात उत्पन्न म्हणून धरतच नाहीत. आपल्याकडे बाप जिवंत असताना मुलाच्या नावानं असा वेगळा हिस्सा ना ईएसआयमध्ये आहे ना पीएफच्या पेन्शनमध्ये. ईएसआयचा आश्रितांचा लाभ कामावरच्या अपघातात माणूस गेला तरच सुरू होतो, आणि ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेची, मुलांची पेन्शनसुद्धा मृत्यूनंतरच. म्हणून "मुलाला वेगळे मिळून राहिले, ते वजा करा" हा मुद्दा तुमच्या केसमध्ये येतच नाही.

पण त्या अमेरिकेच्या नियमामागचा विचार मात्र डोक्यात ठेवा, कारण इथंही कोर्टात तोच उपयोगी पडतो. पैसा कशाच्या बदली येऊन राहिला ते पाहायचं. पगार बुडाला म्हणून त्याच्या जागी येतो तो पैसा पगारासारखाच धरायचा. आणि जो पैसा औषधासाठी, मदतनीसासाठी किंवा निव्वळ जगण्यापुरता येतो, तो मुलाच्या पोटगीसाठी मोजताना हात आखडता घ्यायचा. कायद्याच्या पुस्तकात हे वाक्य असं लिहिलेलं सापडणार नाही, पण माझा युक्तिवाद मी नेहमी यावरच उभा करते आणि जजसाहेबांनाही ते पटतं असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे मुलाच्या पोटगीचा काही तयार फॉर्म्युला नाही हे आधी पक्कं समजून घ्या. लोक "२५ टक्के, २५ टक्के" करतात ते सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या एका निकालातून आलंय, तोही बायकोच्या पोटगीबद्दल होता आणि त्या केसच्या परिस्थितीवर होता. मुलासाठी खरा आधार वेगळा आहे. पूर्वीचं सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम १२५, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं कलम १४४, त्यात म्हटलंय की ज्याच्याकडे पुरेशी साधनं आहेत आणि तरी तो सांभाळत नाही त्याला कोर्ट पोटगी द्यायला लावेल. "साधनं" म्हटलंय, "पगार" नाही म्हटलं. गावाकडच्या शेतीतला हिस्सा, घराचं भाडं, एफडीचं व्याज, महिन्याची पेन्शन, सगळं साधनात येतं. दुसरं म्हणजे हिंदू दत्तक व पोटगी कायदा १९५६, कलम २०, त्यात मुलाची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर आहे. आणि २००० साली सुप्रीम कोर्टानं एका केसमध्ये आईबाप दोघं कमावते होते म्हणून मुलांचा खर्च त्यांच्या पगाराच्या प्रमाणात, दोनास एक असा, वाटून दिला होता. हे लक्षात ठेवा, कारण तुमचे १२,००० सुद्धा हिशोबात येतील, ते लपवू नका.

अपंग असला तर? काही निकालांत कोर्टं म्हणतात की धडधाकट नवऱ्यानं मजुरी करून का होईना पण पोटगी दिली पाहिजे. मिस्टरांचे वकील म्हणतील की आमचा माणूस धडधाकट नाही, हा नियम आम्हाला लागू नाही. त्यांचं म्हणणं तिथपर्यंत रास्त आहे. ज्या माणसाची चार बोटं गेली त्याला "जा हमाली कर" असं कोणतंच कोर्ट म्हणणार नाही, म्हणूही नये. पण त्यातून फक्त एवढंच निघतं की न कमावलेलं उत्पन्न त्यांच्या नावावर गृहीत धरता येणार नाही. जे खरंच येऊन राहिलं ते मोजायला काहीच आडकाठी नाही. २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालात सुप्रीम कोर्टानं पोटगी ठरवताना काय काय पाहायचं ते सांगितलंय, त्यात नवरा, बायको किंवा मुलाचं गंभीर अपंगत्व आणि त्यावरचा कायमचा खर्च हाही एक मुद्दा आहे. एक मुद्दा, ताई. सुटकेचा दाखला नव्हे.

आता टक्क्यांचा घोळ. त्यांच्या सर्टिफिकेटवर ४२ टक्के आहे म्हणता. मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी दवाखान्यांतून मिळालेलं ते सर्टिफिकेट शरीराचं किती नुकसान झालं ते सांगतं. कमाई किती गेली ते सांगत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या अपघाताच्या केसमध्ये हे स्पष्ट केलंय की अपंगत्वाचे टक्के आणि कमाईची क्षमता गेल्याचे टक्के एक नसतात, माणूस काय काम करत होता आणि आता काय करू शकतो ते पाहावं लागतं. हे दोन्ही बाजूंनी चालतं. ड्रायव्हरचा पाय गेला तर सर्टिफिकेट कितीचंही असो, त्याचं ड्रायव्हिंग शंभर टक्के गेलं. आणि टेबलावर बसून काम करणाऱ्याचा तोच पाय गेला तर त्याच्या पगाराला धक्काही लागत नाही. म्हणून "४२ टक्के अपंग म्हणून पोटगी ४२ टक्के कमी करा" असा अर्ज आला तर तुमच्या वकिलांना हा निकाल दाखवायला सांगा.

ईएसआयचं गणित वेगळं आहे आणि ते नीट समजून घेतलं तर तुमची अर्धी केस तिथंच उभी राहते. ईएसआय कायद्याच्या परिशिष्टात कोणत्या इजेला कमाईची किती क्षमता गेली असं धरायचं याचा तक्ताच आहे. एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के, अंगठा गेला तर ३०, दोन बोटं गेली तर २०. कायमच्या अपंगत्वाचा लाभ हा सरासरी पगाराच्या ९० टक्क्यांवर हे प्रमाण लावून निघतो. म्हणजे पगार २०,००० धरला तर ९० टक्के झाले १८,०००, त्याचे ५० टक्के म्हणजे महिन्याला ९,००० च्या आसपास. नेमका आकडा अपघाताच्या आधीच्या सरासरी रोजावर आणि मेडिकल बोर्डानं काय ठरवलं त्यावर अवलंबून राहील, पण साधारण एवढं.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेकांना माहीतच नसते: कायमच्या अंशतः अपंगत्वाचा हा लाभ माणूस दुसरीकडे कामाला लागला तरी बंद होत नाही. तो जन्मभर चालू राहतो. म्हणजे ९,००० हा त्यांच्या उत्पन्नाचा तळ झाला, दुकानातून जे मिळतं ते त्याच्या वर. हा पैसा पगार बुडाल्याच्या बदली येतो, म्हणून पोटगीच्या हिशोबात तो धरा असं ठामपणे मांडायचं.

मग "कोर्ट हात लावू शकत नाही" याचं काय? ईएसआयच्या कायद्यातच आहे की हा लाभ जप्त करता येत नाही. हे खरं आहे. पण जप्त करता न येणं वेगळं आणि मोजता न येणं वेगळं. कोर्ट ईएसआयला पत्र पाठवून "यांचे पैसे थेट बाईच्या खात्यात टाका" असं म्हणू शकणार नाही, पण "तुम्हाला महिन्याला एवढे येतात, दुकानातून एवढे येतात, यातून मुलाला एवढे द्या" असा आदेश नक्कीच देऊ शकतं. आणि नाही दिले तर वॉरंट निघतं, थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून थकबाकी माफ होत नाही. इथं मात्र एक सांगून ठेवते. कैदेसाठी "पुरेसं कारण नसताना दिले नाही" असं दिसावं लागतं. मिस्टर म्हणतील अपघात हेच पुरेसं कारण. अपघातानंतरचे सुरुवातीचे महिने, दवाखान्यातले, त्याबद्दल कोर्ट त्यांचं ऐकेलही, आणि मला विचाराल तर ऐकावं. पण लाभ नियमित सुरू झाल्यावरही एक पैसा नाही, याला कारण काय ते त्यांना सांगावं लागेल.

(ज्यांचे मिस्टर सरकारी पेन्शनवर आहेत त्यांच्यासाठी जाता जाता: पेन्शन कायदा १८७१ च्या कलम ११ मध्ये पेन्शन जप्त होत नाही असं आहे, पण बायकोची पोटगी हे सावकाराच्या कर्जासारखं कर्ज नाही, तिथं हे संरक्षण चालणार नाही, असं आपल्याच नागपूर खंडपीठानं २०१९ मध्ये म्हटलंय. पगाराचं तर दिवाणी संहितेच्या कलम ६० मध्येच आहे, पोटगीच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांश तेवढा सुरक्षित, बाकी जप्त होऊ शकतो. आणि सरकारी नोकरीतला माणूस "अपंग झालो म्हणून नोकरी गेली" म्हणत असेल तर जरूर विचारा कशी गेली, कारण दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, जमेल अशा दुसऱ्या पदावर त्याच पगारात घ्यावं लागतं.)

कोणता पैसा मोजू नये असं मला वाटतं तेही सांगते, कारण मी नवऱ्याच्या बाजूनं उभी राहते तेव्हा हेच भांडते. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे, दिव्यांगांना आता महिन्याला २,५०० मिळतात, ते ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याला मिळतात. त्यातून पोटगी काढायची म्हणजे एका उपाशी माणसाच्या ताटातून दुसऱ्याला वाढायचं. सैन्यातल्या किंवा केंद्र सरकारच्या पेन्शनरला पूर्ण अपंगत्वात मदतनीसासाठी वेगळा भत्ता मिळतो, तो मदतनीसाकडेच जातो, तो उत्पन्नात धरू नये. अपघाताच्या क्लेममध्ये मिळालेल्या एकरकमी पैशातही दवाखान्याचा भाग वेगळा, वेदनांचा वेगळा आणि बुडालेल्या कमाईचा वेगळा असतो, निकालाची प्रत काढली की तक्त्यात दिसतं. मुलाच्या पोटगीसाठी कमाईवाल्या भागाकडे आणि एफडीच्या व्याजाकडे बोट दाखवा. पूर्ण रकमेवर दावा सांगायला गेलं तर जजसमोर आपलीच बाजू हलकी होते.

आता तुमच्या मुलाचा हिशोब, मी कोर्टात मांडते तसा. समजा मुलाचा खर्च, म्हणजे शाळेची फी, व्हॅन, ट्यूशन, खाणंपिणं, दवाखाना, घरभाड्यातला त्याचा वाटा, सगळं मिळून ९,००० निघतो. मिस्टरांचे ईएसआयचे ९,००० आणि दुकानातले ८,००० सिद्ध झाले, तर १७,०००. त्यातून फिजिओ आणि औषधाचे २,००० वजा, राहिले १५,०००. तुमचे १२,०००. प्रमाण पाचास चार, म्हणजे त्यांच्या वाट्याला ५,००० आणि तुमच्या वाट्याला ४,०००. दुकानाचं काहीच सिद्ध झालं नाही तर त्यांचे उरतात ७,०००, मग सातास बारा, त्यांच्या वाट्याला साधारण ३,३००. जज याच पद्धतीनं काढतील असं नाही, त्यांच्या आईची जबाबदारी त्यांच्यावर असेल तर तेही येईल, आणि मुलाला तुम्ही सांभाळता, उठवण्यापासून झोपवण्यापर्यंत, याचंही मोल कोर्टानं पाहावं असं मी म्हणेनच. पण अंदाज यावा म्हणून हे दोन आकडे. यावरून तुम्हाला दिसेल की त्यांनी रक्कम कमी करायचा अर्ज टाकला तर ६,००० चे कमी होऊ शकतात, ती तयारी ठेवा. शून्य होणं मात्र कठीण आहे.

आणि दुकानाचा पुरावा हाच ३,३०० आणि ५,००० मधला फरक आहे, तर त्यावर मेहनत घ्या. रजनीश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यांचं शपथपत्र आलं की ईएसआयचा आकडा लिहिलाय का ते पाहा. नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा की ईएसआयच्या ऑफिसातून मेडिकल बोर्डाचा निर्णय आणि दर महिन्याच्या पेमेंटचा रेकॉर्ड मागवावा. माहितीच्या अधिकारात मागायला गेल्या तर बहुधा वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील, वेळ जाईल, कोर्टामार्फतच मागवा. मग बँकेचं स्टेटमेंट, सगळ्या खात्यांचं. एका केसमध्ये नवऱ्यानं उत्पन्न निरंक लिहिलं होतं आणि स्टेटमेंट काढलं तर पानंच्या पानं दहा, वीस, तीस, दहा रुपयांचे यूपीआय जमा, सकाळी सहापासून. चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड त्यांच्या नावावर होता, टपरी भावाची म्हणत होते. उलटतपासणीत त्यावर फार प्रश्न विचारावेच लागले नाहीत. तुमच्याकडेही दुकानाचा क्यूआर कोणाच्या नावावर आहे, रिचार्जचं कमिशन कोणत्या खात्यात येतं, ते पाहा. दुकानाच्या बाहेरून फोटो काढून भांडण ओढवून घेऊ नका, स्टेटमेंटच बोलेल.

तुमच्या मुलाचा खर्चसुद्धा कागदावर आणा. फीच्या पावत्या, व्हॅनवाल्याच्या सहीचा कागद, ट्यूशनची पावती, औषधाची बिलं. "साधारण इतका खर्च येतो" असं म्हणणारी आई खोटं बोलत नसते, तरी पावती असली की आकडा कापला जात नाही.

मिस्टरांना एक गोष्ट समजावणारं कोणी असेल तर सांगा: रक्कम झेपत नसेल तर त्यांच्यासाठीही रस्ता आहे, परिस्थिती बदलली म्हणून बीएनएसएसच्या कलम १४६ खाली कमी करायचा अर्ज. मनानं बंद करणं हा रस्ता नाही. अर्ज न टाकता थांबवलेले महिने साधारणपणे जुन्याच दरानं चढत राहतात, म्हणजे आज ८ गुणिले ६,०००, ४८,००० झालेत. माझ्याकडे असे अपंग झालेले पक्षकार आले की मी पहिल्याच भेटीत सांगते, दोन हजार द्या पण दर महिन्याला द्या, खात्यातून द्या, आणि उद्याच्या उद्या अर्ज टाका. त्यांच्या मुलांसाठीही ते बरं आणि त्यांच्यासाठीही.

वकिलाच्या फीची चिंता लिहिली आहे तुम्ही. सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, मुलांनाही, आणि अपंग व्यक्तीलाही. म्हणजे मिस्टरांनाही मिळेल, "वकील लावायला पैसे नाहीत म्हणून कोर्टात आलो नाही" हे कारण कोणालाच उरत नाही.

मुलगा १८ चा होईपर्यंत ही पोटगी चालेल. ज्या वाचणाऱ्यांचं मूलच अपंग आहे आणि स्वतःचं पोट भरू शकत नाही, त्यांच्यासाठी १८ नंतरही चालू राहते. आणि जिथं अपंगत्व आईला आलंय आणि मूल बापाकडे आहे तिथंही हिशोब हाच, फक्त बाजू उलट.

तर ताई, आत्ता करायचं ते एवढंच: वसुलीचा अर्ज आधी टाका, बाकी सगळं त्याच्या मागून येऊ द्या. थकलेला हप्ता देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तरच त्यासाठी वॉरंट निघतं. तुमचा सगळ्यात जुना हप्ता ८ महिन्यांचा झालाय, म्हणजे त्याच्यासाठी चार महिने हातात आहेत, त्यानंतर दर महिन्याला एकेक हप्ता या अर्जातून निसटत जाईल. २०२२ च्या आदेशाची सर्टिफाइड कॉपी, तुमचं पासबुक ज्यात शेवटचा हप्ता आलेला दिसतो, आणि आधार, एवढं घेऊन सोमवारी विधी सेवाच्या ऑफिसात जा. कॉपी सापडत नसेल तर आधी नकलेच्या खिडकीवर अर्ज द्या, केस नंबर लागेल, तो ई-कोर्ट्सच्या साइटवर तुमच्या नावानं मिळेल.